बुरशीच्या रोगांवर संशोधन : वनस्पती रोगशास्त्र घेऊ की नको?

द्राक्षपट्ट्यातली_सायली

नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव निफाड तालुक्यात, घरी द्राक्षं आणि थोडा गहू-कांदा. एम.एस्सी.साठी शाखा निवडायची वेळ आलीय आणि मला वनस्पती रोगशास्त्र घ्यायचंय. वसतिगृहात सगळ्या जणी म्हणतात कृषिविद्या घे, एमपीएससीला बरं पडतं. घरी वडिलांचा प्रश्न वेगळाच आहे. ते म्हणतात, "केवड्यावर काय मारायचं ते दुकानदार सांगतो. त्यासाठी एवढं शिकायचं कशाला?" (केवडा म्हणजे द्राक्षाच्या पानांवर येणारा रोग.) मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही.

बुरशी मला मनापासून आवडते. तिसऱ्या वर्षाला पहिल्यांदा गव्हाचा तांबेरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि तासाची वेळ संपली तरी उठवेना. पण आवड म्हणजे नोकरी नव्हे, हेही कळतं. ज्यांनी या विषयात खरंच काम केलंय त्यांनी सांगा : बुरशीवर संशोधन करणारा माणूस वर्षभर, आयुष्यभर नेमकं काय करतो? त्यातून शेतापर्यंत काय पोचतं?

बागाईतदार

सायली, मी तुझ्याच तालुक्यातला, बाग सांभाळतोय. वडिलांचं म्हणणं चुकीचं नाही, पण अर्धं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की केवडा काय करतो ते त्यांनीही पाहिलंय. आमच्या भागात काही वर्षांपूर्वी एका औषधाचा गुण एकाएकी गेला. तेच औषध, तेच प्रमाण, पण पानाच्या खालची पांढरी बुरशी जागची हलेना. दुकानदार म्हणाला डोस वाढवा. का गुण येत नाही हे सांगायला मात्र कुणी नव्हतं. ते सांगणारं माणूस हवं आम्हाला. एवढंच. बाकी जाणकार बोलतील.

घाटमाथा

सायली, मी निवृत्त झालेय. नोकरीची बहुतेक वर्षं गव्हाच्या तांबेऱ्यात गेली, त्यातही काळ्या तांबेऱ्यात जास्त. तुझ्या वडिलांच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण प्रश्न रास्त आहे.

दुकानदार सांगतो ते रोग दिसल्यानंतरचं. आमचा विषय सुरू होतो तो शेतात पीकच नसतं तेव्हा. मार्चमध्ये तुमच्याकडे गहू निघतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, शिवारात गव्हाचं एक हिरवं पान सापडत नाही. आणि तांबेऱ्याची बुरशी ही शिळ्या भाकरीवरच्या बुरशीसारखी नाही, तिला जिवंत पानच लागतं. बशीत खाद्य घालून ती सहजासहजी वाढवता येत नाही. मग पुढच्या जानेवारीत ती तुमच्या गव्हावर येते कुठून?

हा एक प्रश्न ज्या माणसाने जन्मभर धरून ठेवला त्यांचं नाव करमचंद मेहता. जन्म १८९२चा. आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, केंब्रिजहून पीएच.डी. करून आले आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तांबेऱ्याच्या मागे लागले. तुला या क्षेत्रात काय करायचं असतं हे कळायला मेहतांचं काम पाहणं हा सगळ्यात सरळ रस्ता आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या काळी पुस्तकातलं उत्तर तयार होतं. युरोप-अमेरिकेत काळा तांबेरा बार्बेरी नावाच्या काटेरी झुडपावर जातो आणि तिथून वसंतात पुन्हा गव्हावर उतरतो. अमेरिकेने तर १९१८ पासून बार्बेरी उपटून काढायची मोहीमच उघडली होती. आपल्या हिमालयात बार्बेरीच्या जाती आहेत, औषधातली दारुहळद त्यातलीच. म्हणजे झालंच, असं कुणीही म्हटलं असतं. मेहता तसं म्हणाले नाहीत. सपाटीवरच्या उन्हाळ्यात बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे बारीक कण, तग धरत नाहीत हे त्यांनी दाखवलं. दारुहळदीचा आपल्याकडे दर वर्षी येणाऱ्या रोगाशी संबंध नाही हेही दाखवलं. मग उरलं काय? डोंगर. डोंगरात उन्हाळ्यातही गार असतं, काही ठिकाणी तेव्हाही गहू उभा असतो, शिवाय सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेली रोपं बांधाबांधाने असतात. बुरशी वर्षभर या पानावरून त्या पानावर जात राहते आणि हंगाम आला की वाऱ्याबरोबर खाली येते. हे सिद्ध करायला त्यांनी आग्र्याला आणि सिमल्याला वर्षानुवर्षं काम केलं, ठिकठिकाणी हवेत चिकट काचपट्ट्या लावून त्यांवर कुठल्या आठवड्यात किती बीजाणू पडतात ते मोजवलं. उत्तरेला हिमालय, दक्षिणेला निलगिरी आणि पळणीचे डोंगर, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांचा मोठा प्रबंध १९४० साली आला. दुसरा भाग १९५२ साली, मेहता १९५० मध्ये गेल्यानंतर.

यातला काही भाग पुढे दुरुस्त झाला, आणि मला तोही तितकाच मोलाचा वाटतो. १९७०च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानाचे नकाशे आणि शेतातल्या रोगाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. काळ्या तांबेऱ्याच्या बाबतीत हिमालयाचा हात फारसा नाही, कारण तिथला हिवाळा त्या बुरशीला मानवत नाही, असं निघालं. खरा उगम दक्षिणेत. नोव्हेंबरच्या सुमाराला बंगालच्या उपसागरात वादळ किंवा कमी दाबाचा पट्टा तयार झाला, निलगिरीवरून वारे मध्य भारताकडे वळले आणि तिथे पाऊस झाला, तर हवेतले बीजाणू पावसाबरोबर गव्हावर उतरतात. या सगळ्या अटी एका वेळी जुळल्या की साथीची शक्यता. १९४६-४७ साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने केलेला नाश जुने लोक विसरले नव्हते. निलगिरीहून वर जाणाऱ्या या वाटेवर आपला महाराष्ट्र येतो. महाबळेश्वरला गहू गेरवा (गेरवा म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र आहे ते उगाच नाही.

आता वर्षभर काय करतो ते. शेतातून तांबेरा लागलेली पानं पाकिटातून येतात. त्यातली बुरशी जिवंत आहे तोवर तिला नव्या रोपांवर घ्यायचं. आठवडाभराची गव्हाची रोपं, एकच पान वर आलेलं. बोटं पाण्यात बुडवून ते पान खालून वर हलकेच चोळायचं, म्हणजे पानावरचा मेणाचा थर निघतो आणि पाण्याचा थेंब घसरत नाही. मग चपट्या सुईने बीजाणू पानावर लावायचे, वरून धुक्यासारखं पाणी फवारायचं आणि रोपं रात्रभर ओलाव्याच्या पेटीत बंद ठेवायची. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून काचगृहात. आठवडाभरात पानावर फिकट ठिपके दिसायला लागतात आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास पानाची साल फाटून विटकरी भुकटी बाहेर येते. हात लावला की बोटाला रंग लागतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला काय वाटलं ते तुला वेगळं सांगायला नको, तूही तासाला उठली नव्हतीस.

खरं काम इथून पुढे. तीच बुरशी गव्हाच्या ठरलेल्या वाणांच्या संचावर लावायची आणि प्रत्येकावर काय उमटतं त्याला गुण द्यायचे. शून्य म्हणजे काहीच नाही, एक-दोन म्हणजे बारीक पुळ्या आणि भोवती मेलेल्या पेशींचा डाग, तीन-चार म्हणजे मोठ्या भरलेल्या पुळ्या, वाण पार बळी पडलेला. कुठल्या वाणावर कुठला गुण, यावरून बुरशीची रेस, म्हणजे उपप्रकार, ओळखतात. अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ साली काळ्या तांबेऱ्यासाठी बारा वाणांचा संच ठरवला, जगभर तो वापरला गेला. त्या बारांतला एक वाण म्हणजे आपला खपली गहू. ज्याची खीर सांगली-साताऱ्याकडे करतात तोच. भारतातून गेलेला खपली तिकडच्या काचगृहांत तांबेऱ्याला दाद देईना, म्हणून त्याला त्या यादीत जागा मिळाली, आणि पुढे त्याच्यातली प्रतिकाराची जनुकं इतर गव्हांत घेतली गेली. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगायची आणि दर वर्षी मला तितकाच अभिमान वाटायचा.

कधी असं होतं की वर्षानुवर्षं स्वच्छ राहिलेल्या वाणाच्या पानावर एके सकाळी भरलेली पुळी दिसते. आधी भेसळीची शंका घ्यायची. एकच पुळी उचलून त्यापासून नवी वाढ करायची, पुन्हा लावायची, पुन्हा पाहायची. तरीही तेच आलं तर बुरशी बदललीय. मग त्या वाणाचं बियाणं पुढच्या वर्षी कुठे कुठे पेरलं जाणार आहे, त्याच्या जागी काय देता येईल, याची धावपळ. शेतकऱ्याच्या कानावर यातलं काहीच जात नाही. त्याला फक्त दुकानात दुसऱ्या वाणाची पिशवी दिसते. तुझ्या वडिलांना सांग, त्यांच्या गव्हावर ते तांबेऱ्यासाठी क्वचितच फवारणी करतात, ती का करावी लागत नाही याचं उत्तर या कामात आहे. तुमच्या निफाडच्या कृषी संशोधन केंद्रावरच केनियातल्या गव्हाशी संकर करून केनफड हा वाण काढला होता, तो काळ्या तांबेऱ्यासाठीच. आणि ज्या नॉर्मन बोरलॉग यांचं नाव हरितक्रांतीसाठी घेतात त्यांनीही डॉक्टरेट वनस्पती रोगशास्त्रात केली, स्टॅकमन यांच्याच विभागात. मेक्सिकोला ते १९४४ मध्ये गेले तेव्हा समोरचा पहिला शत्रू काळा तांबेराच होता. बुटका गहू नंतर आला.

त्रास काय आहेत तेही ऐक. मी जिथे होते तिथे उन्हाळ्यात वीज जायची आणि जनित्राच्या डिझेलची मंजुरी टेबलावर पडून राहायची. काचगृह तापलं की पिवळ्या तांबेऱ्याची वाढ सगळ्यात आधी मरते, त्याला गारवा लागतो. दहा वर्षं सांभाळलेली बुरशी एका दुपारी गेली की पुन्हा कुणाकडून तरी मागून आणावी लागते. कंत्राटी मुलांना मी डोळ्यांत पाणी आणून जाताना पाहिलंय, कारण प्रकल्प संपला. कायम जागा कमी निघतात, निघाल्या तरी वेळेवर भरत नाहीत. हे तुला कुणीतरी आधी सांगितलंच पाहिजे.

आई मला विचारायची, "तू रोग बरे करतेस की लावतेस?" दोन्ही, म्हणायची मी. लावल्याशिवाय कुणाला लागत नाही ते कळत नाही.

बागाईतदारांच्या औषधाबद्दल एक. केवडा हा खऱ्या अर्थाने बुरशी नाहीच. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण त्याचं कूळ शेवाळांच्या जवळचं, पेशीची भिंत मुख्यतः सेल्युलोजची. द्राक्षावरचा दुसरा रोग, भुरी, मात्र खरी बुरशी. म्हणून भुरीवर चालणारी हेक्झाकोनॅझोलसारखी औषधं केवड्यावर काम करत नाहीत. ती ज्या पदार्थाची निर्मिती अडवतात तो केवडा स्वतः बनवतच नाही. आणि केवड्यावरची मेटालॅक्झिलसारखी औषधं एकाच जागी घाव घालतात. तेच तेच मारत राहिलं की त्या घावाला न जुमानणारेच मागे उरतात आणि वाढतात. डोस वाढवून त्यांच्यावर काही होत नाही. औषधाचा गट, म्हणजे घाव घालायची पद्धत, बदलावा लागतो. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) १८८५ पासून वापरात आहे आणि अजून निरुपयोगी झालेलं नाही, कारण तांबं एकाच जागी घाव घालत नाही, अनेक ठिकाणी घालतं. पावसाच्या आधी मारायचं, नंतर नाही.

बागाईतदार

मॅडम, हे इतकं सरळ आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. गट बदलायचा म्हणजे डब्यावर काय पाहायचं?

घाटमाथा

लेबलवर व्यापारी नावाच्या खाली मूळ घटकाचं नाव असतं. ते पाहा. नाव वेगळं, कंपनी वेगळी, पण घटक एकच, असं फार वेळा होतं. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांचं हंगामातलं वेळापत्रक घ्या, त्यात कुठल्या औषधानंतर कुठलं आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं तेही असतं.

तुरीचा_पेरा

मी विदर्भातून, सध्या पीएच.डी. करतोय, विषय तुरीवरचा मर. सायली, थोडं चालू काळाचं सांगतो.

माझी बुरशी मातीत राहते. फ्युजेरियम उडम, बटलर नावाच्या शास्त्रज्ञांनी १९१० साली तिचं नाव ठेवलं. झाड फुलावर येतं आणि उभं वाळतं. खोड उभं चिरलं की आत काळ्या रेषा दिसतात, बाहेरून बुडापासून वर जांभळट पट्टा. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, म्हणून फवारणीचा काही उपयोग नाही. आम्ही उलटं करतो. एक शेत मुद्दाम रोगी करतो, दर वर्षी मेलेली झाडं त्याच जमिनीत गाडतो, आणि नवे वाण तिथे पेरतो. जो तिथे उभा राहिला तो पुढे जातो. बदनापूरचे बीएसएमआर ७३६ आणि ८५३ हे वाण मर आणि वांझ रोगाला दाद देत नाहीत, हे आमच्या भागातला प्रत्येक शेतकरी जाणतो. त्यांच्या मागे असली रोगी शेतं आहेत.

नोकरीचं : आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा (पूर्वी तिला जेआरएफ म्हणायचे) नीट दे, चांगलं विद्यापीठ आणि शिष्यवृत्ती दोन्ही त्यावर. पुढे प्राध्यापकीसाठी नेट आणि आयसीएआरमध्ये शास्त्रज्ञ व्हायला एआरएस, या परीक्षा. आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं, शिवाय पुण्याची आघारकर संस्था, जिथे बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि सोलापूरचं डाळिंब केंद्र. बियाणं आणि कीडनाशक कंपन्यांतही रोगशास्त्रज्ञ लागतात. माझ्या बरोबरचे निम्मे तिकडे गेले आणि बरं चाललंय त्यांचं. एमपीएससी देऊ नको असं नाही, पण रोगशास्त्र घेऊनही ती देता येते.

द्राक्षपट्ट्यातली_सायली

मॅडम, दादा, खूप खूप आभार. मॅडमचं उत्तर वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. केनफडचं नाव त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. एक शंका : आता सगळीकडे जनुकं, डीएनए. रोपावर बुरशी लावून चौदा दिवस वाट पाहायची पद्धत मी शिकेपर्यंत जुनी तर होणार नाही ना?

घाटमाथा

नाही होणार, आणि हे मी जुन्या कामाच्या मायेपोटी म्हणत नाही.

एसआर ३१ नावाचं एक जनुक होतं, रायधान्यातून गव्हात आलेलं. जगभरच्या गव्हांत ते घातलं गेलं, काळा तांबेरा दिसेनासा झाला, आणि बऱ्याच देशांत या रोगावर काम करणाऱ्यांची गरज संपली असं ठरवलं गेलं. १९९८ साली युगांडात त्याच जनुकाच्या गव्हावर काळा तांबेरा सापडला. त्या रेसला यूजी ९९ म्हणतात. पुढे ती केनिया, इथिओपिया, येमेन, इराणपर्यंत गेली. तेव्हा गव्हाच्या वाणांची परीक्षा घ्यायला जगाला केनियातल्या न्जोरोच्या शेतात जावं लागलं, आपलेही वाण गेले. आणि बीजाणू लावून गुण देता येणारी माणसं शोधावी लागली, कारण मधल्या काळात फार थोड्यांना ते शिकवलं गेलं होतं.

डीएनएचं काम मोठंच आहे. २०१३ साली एसआर ३३ आणि एसआर ३५ ही जनुकं वेगळी काढण्यात आली. २०१७ मध्ये एसआर १३, ज्याचा एक उगम खपली गहू आहे. पण हे जनुक खरंच काम करतं की नाही हे शेवटी पानावरच पाहिलं गेलं, त्याच शून्य ते चारच्या गुणांनी. तू दोन्ही शीक. दिवसा काचगृह, संध्याकाळी संगणक, असं करणाऱ्या मुली मी पाहिल्यात आणि त्यांचं काम फार सुंदर होतं.

शाखा निवडायच्या आधी एक कर. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत सकाळी गव्हात फिर, लोकवन किंवा कुठला जुना वाण कुणाकडे असेल तर आधी तिथे. पानावर विखुरलेल्या गोल नारिंगी पुळ्या असतील तर तो पानावरचा तांबेरा. खोडावर आणि खोडाला गुंडाळलेल्या पानाच्या आवरणावर लांबट, गडद विटकरी, कडेला साल फाटलेली असेल तर काळा. पान तोडून लांबीत आतल्या बाजूला दुमड, म्हणजे पुळ्या घासल्या जाणार नाहीत. कागदाच्या पाकिटात ठेव. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नको, घाम सुटून कुजतं. रात्रभर सावलीत वाळू दे. पाकिटावर वाण, गाव, तालुका, तारीख आणि शेतात रोग साधारण किती आहे ते पेन्सिलीने लिही, शाई ओलीने पसरते. मग ते घेऊन तुमच्या निफाडच्या केंद्रावर जा किंवा महाबळेश्वरला टपालाने पाठव. जमलं तर त्यांना विचारून चौदा दिवसांनी स्वतः जाऊन त्या पानावरची बुरशी कुठल्या वाणांवर उठली ते बघून ये. जाशील तेव्हा वडिलांनाही घेऊन जा.